वाहत्या पाण्याचे गाणे

गाण्याचा अर्थ विचारणारा मनुष्य गाणे ऐकत नसतो, अशी एक समजूत आपल्याकडील रसिकांत आहे. मैफलीत बंदिश ऐन रंगात आली असताना शेजारच्याच्या कानाशी लागून ‘म्हणजे काय हो?’ असे विचारणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने पाहतात ती नजर माझ्या चांगल्या परिचयाची आहे. सुरांना अर्थ चिकटवू नये, हे मला मान्यच आहे. पण शब्द जेव्हा पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या तोंडी राहून नदीतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत झालेले असतात, तेव्हा त्यांच्यापाशी घटकाभर थांबणे जरूर असते. लोकगीत आपला अर्थ स्वतः होऊन सांगत नाही. ऐकणारा घरचाच आहे, त्याला सारे ठाऊक आहे, असे ते धरून चालते. आणि आपण तर बहुधा परक्या घरातून ते ऐकत असतो.

आज ज्या गाण्याविषयी लिहावयाचे आहे ते म्हणजे ‘माँ रेवा’. रेवा म्हणजे नर्मदा. गाणे निमाडाकडचे, नर्मदेच्या काठी भजनात गातात त्या वळणाचे. ते देशभर पोचविले ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या चौघांच्या मेळाने. १९९० साली हा मेळ जमला. सुश्मित सेन यांची गिटार, असीम चक्रवर्ती यांचा तबला आणि गळा, राहुल राम यांची बास गिटार आणि गळा, व अमित किलम यांचे ड्रम. २००० साली निघालेल्या त्यांच्या ‘कंदिसा’ या संग्रहात हे गाणे आहे. यांपैकी असीम चक्रवर्ती २००९ साली वारले, पुढे सुश्मित सेनही मेळातून बाहेर पडले. परंतु गाणे चालू राहिले. या जातीच्या संगीताला ‘फोक रॉक’ म्हणतात: जुन्या लोकगीताला विजेच्या गिटारची आणि ड्रमची जोड. पश्चिमेकडे हा प्रकार १९६५ च्या सुमारास बोकाळला. त्या वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलनने विजेची गिटार हाती घेतली, तेव्हा श्रोत्यांपैकी काहींनी त्याची हुर्यो केली होती. आपल्याकडे असली हुर्यो कोणी केली नाही. गणपतीच्या मिरवणुकीत काय काय वाजते हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांच्या कानांना गिटार म्हणजे पारिजातकाचे फूलच वाटावयाचे!

हे मी टेंभुर्णीत बसून लिहितो आहे. नर्मदा येथून फार दूर. गाण्याचा अर्थ शोधताना टेंभुर्णीचे काय काम, असे वाचकांस वाटेल. काम आहे, पण ते यथावकाश येईल. आधी गाण्यात काय आहे ते पाहू.

खरे म्हणजे त्यात फारसे काही नाही! जेमतेम तीन-चार ओळी. रेवामाईला हाक मारून तिला सांगितले आहे की, तुझे पाणी निर्मळ आहे आणि ते खळखळत जाते. ती अमरकंटकाहून निघाली, माणसामाणसाची तिने मोठी सेवा केली. आणि सेवेने फळ मिळते असे वेदपुराणे सांगतात. संपले. हेच शब्द फिरून फिरून येतात आणि वाद्ये त्यांच्याभोवती घुमत राहतात. निसर्गगीत म्हणून कोणी हे गाणे आपल्यापुढे ठेवले तर आपण जरा बिचकतो. यात झाड नाही, पाखरू नाही, चांदणे नाही, संगमरवरी खडक नाहीत. जबलपूरजवळच्या भेडाघाटचे ते खडक तर सहलीला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने पाहिलेले असतात. एवढी देखणी नदी, आणि तिच्या गाण्यात देखणे असे एकही चित्र नाही.

आपली निसर्गकवितेची कल्पना शाळेच्या पुस्तकाने घडविली आहे. बालकवींच्या निर्झरापाशी आपण लहानपणीच उभे राहिलो. त्या पाण्याचे बागडणे पाहून हरखलो. कवी तेथे पाहणारा आहे आणि पाणी हे पाहण्याची वस्तू आहे. यात उणे काही नाही. बालकवींनी मराठीला डोळे दिले असे म्हटले तरी चालेल. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले, तेव्हा त्या डोळ्यांना आणखी धार आली. पण पाहणारा आणि पाहिली जाणारी वस्तू यांच्यामध्ये थोडे अंतर असावेच लागते, आणि नेमके तेच अंतर लोकगीताला ठाऊक नाही. घरातल्या आईचे कोणी वर्णन करीत बसत नाही. तिला हाक मारावी, काही मागावे, क्वचित रुसावे. तिच्या नाकाडोळ्यांची स्तुती करणारा मुलगा विचित्रच म्हणावा लागेल. ‘माँ रेवा’मध्ये वर्णन नाही याचे कारण हे आहे. तेथे एक नाते आहे आणि ते बोलून दाखविलेले आहे.

नात्याची ही भाषा आपल्याला परकी नाही. तुकोबांनी झाडावेलींना आणि रानातल्या प्राण्यांना सोयरे मानले, ही गोष्ट मराठी माणसाला इतकी पाठ आहे की तिच्यातील नवल आपल्या ध्यानातच येत नाही. वनमहोत्सवाच्या फलकावर ती ओळ रंगवून रंगवून आपण तिचा अर्थ पार पुसून टाकला. सोयरा म्हणजे सुंदर वस्तू नव्हे. सोयरा म्हणजे ज्याच्याशी देणेघेणे असते, ज्याच्या घरच्या लग्नाकार्याला जावे लागते, ज्याच्याकडे कोणी गेले तर सुतक लागते. जात्यावरच्या ओव्यांत हे फार स्वच्छ दिसते. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या वेचल्या, सरोजिनी बाबरांनी आयुष्यभर लोकसाहित्य जमविले, पुढे गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी खेड्याखेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत पाऊस, नदी, तुळस, गाय ही सारी नात्यागोत्याने येतात. पाहण्यासाठी म्हणून कोणी येत नाही. पहाटे दळणाऱ्या बाईला सृष्टिसौंदर्य पाहावयास सवड कोठली?

नर्मदेपुरते बोलायचे तर मराठी माणसाचे तिच्याशी वेगळे नाते आहे, ते परिक्रमेचे. नदी उजव्या हाताला ठेवून, तिला कोठेही न ओलांडता, पायी चालत तिला सबंध वळसा घालावयाचा. अमरकंटकापासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत तिची लांबी १३१२ किलोमीटर. जाऊन येऊन त्याच्या दुप्पट. गो. नी. दांडेकरांनी ही वाट तुडविली आणि ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिली. जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ तर अलीकडच्या काळात घरोघर वाचले गेले. अलीराजपूरकडचे भिलाला लोक ‘गायणा’ नावाचे सृष्टीच्या उत्पत्तीचे एक दीर्घ गाणे गातात, त्यातही नर्मदेचा प्रवास येतो. म्हणजे ब्राह्मण परिक्रमावासी आणि डोंगरातला भिलाला दोघेही तिला एका चालत्या बाईच्या रूपातच पाहतात. ती कोठून तरी निघाली आहे आणि कोठे तरी चालली आहे. ‘माँ रेवा’तही ती अमरकंटकाहून निघाली आहे. तीन-चार ओळींच्या गाण्यात गावाचे नाव घालण्यास जागा मिळाली, यावरून त्या निघण्याला किती महत्त्व आहे ते समजावे.

आता मी ज्या शब्दापाशी येऊ पाहतो आहे तो आला. या गाण्याचा सारा भार एका क्रियापदावर आहे: वाहत जाणे. निदान माझ्या कानाला तरी हे क्रियापद दोन प्रकारे ऐकू येते. एकदा ते वस्तुस्थिती सांगते: तुझे पाणी खळखळ वाहत जाते. आणि दुसऱ्यांदा, विशेषतः गाणे द्रुत लयीला लागून तेच ते शब्द दहाव्यांदा येतात तेव्हा, ते विनवणी करते: वाहत जा गं बाई, अशीच वाहत जा. निमाडीचे व्याकरण जाणणारे या दोहोंपैकी एका अर्थाला झुकते माप देतील; पण गाणे व्याकरणाच्या हद्दीत थांबत नाही. आणि गंमत अशी की, पहिला अर्थ खरा असेपर्यंत दुसऱ्याची गरजच नसते. वाहत असलेल्या नदीला ‘वाहत राहा’ असे कोणी का सांगावे? ती थांबेल असे मनात आल्यावाचून ही विनवणी तोंडी येत नाही.

नर्मदा थांबली. १९६१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते सरदार सरोवराची पायाभरणी झाली. १९७९ साली लवादाने राज्याराज्यांतील पाण्याची वाटणी ठरवून दिली. पुढे खोऱ्यातील माणसे उठली, मेधा पाटकर आणि नर्मदा बचाओ आंदोलन ही नावे साऱ्या देशाला माहीत झाली. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेली हे महाराष्ट्राचे बुडित क्षेत्रातील पहिले गाव. राहुल राम हे त्या काळात काही वर्षे खोऱ्यात आंदोलनाबरोबर होते. पर्यावरणातील विषद्रव्यांवर अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून आलेला हा मनुष्य तेथे काय काय शिकला असेल ते असो. लोकांच्या तोंडची गाणी मात्र शिकला. ‘माँ रेवा’ त्याच वाटेने ध्वनिमुद्रिकेपर्यंत आले. संग्रह निघाला २००० साली, आणि त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने धरणाचे काम पुढे नेण्यास परवानगी दिली. २०१७ साली धरण राष्ट्राला अर्पण झाले. भिंतीची उंची १३८.६८ मीटर, आणि मागे तुंबलेल्या पाण्याची लांबी सुमारे २१४ किलोमीटर. तेवढ्या लांबीत नर्मदा खळखळत नाही. परिक्रमेची काठाकाठाने जाणारी जुनी वाटही त्या भागात पाण्याखाली गेली. आता परिक्रमावासी लांबच्या वाटेने, पुष्कळदा डांबरी रस्त्याने जातात.

आता गाणे पुन्हा ऐकावे. त्यात धरण नाही, सरकार नाही, विस्थापित नाहीत, तक्रार नाही. एक अक्षरही बदललेले नाही. भजन होते तसेच ते भजन राहिले. पण ज्या वस्तुस्थितीवर ते उभे होते ती पायाखालून निघून गेली, आणि त्यामुळे जे केवळ सांगणे होते त्याची हळहळ झाली. सभेत गाण्यासाठी मुद्दाम रचलेली पद्ये मी पुष्कळ ऐकली आहेत. ती रचणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण प्रश्न मिटला की गाणेही मिटते, आणि प्रश्न चिघळला तरी गाणे शिळे होते. ‘माँ रेवा’ला ही भीती नाही. नदी वाहत असती तर ते आनंदाचे राहिले असते, थांबली म्हणून दुःखाचे झाले. या दोन्ही काळांत पुरून उरेल असे साधे वाक्य लोकांनी कोणीतरी फार पूर्वीच करून ठेवले होते.

आणि आता टेंभुर्णी. आमच्या गावाचे नावच एका झाडाचे आहे. त्याच्या पानाच्या विड्या वळून सोलापुरात हजारो बायांनी संसार केले. गावापासून मोटारसायकलवर थोडक्या वेळात भीमेवरचे उजनी धरण येते. १९६६ साली त्याचे काम सुरू झाले आणि १९८० च्या सुमारास पुरे झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी मावणारे हे धरण. जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. हा सारा मुलूख पर्जन्यछायेचा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली पिढी अजून आमच्याकडे आहे. त्या लोकांनी कालव्याचे पहिले पाणी शिवारात आलेले पाहिले आणि त्या पाण्याला नारळ फोडला. आज माढा तालुक्यात उसाचे फड उभे आहेत, साखर कारखाने आहेत. त्यांपैकी एका मोठ्या कारखान्याच्या जागेचे नाव गंगामाईनगर असे आहे. हे वैभव थांबविलेल्या पाण्याचे आहे. या दिवाळीला आमच्या घराघरांतून जो फराळ झाला त्यातल्या साखरेतही उजनीच होती. मग ज्याने धरणाचे पाणी प्यायले त्याने ‘माँ रेवा’ ऐकून डोळे ओले करावेत काय?

या प्रश्नाला बगल देऊन गाण्याचे रसग्रहण करणे मला अप्रामाणिक वाटते. शहरातील सभागृहात या गाण्यावर टाळ्या देणारा श्रोता नळाचे पाणी कोठून येते याचा विचार करीत नाही. आम्हांला मात्र तो रोज करावा लागतो. कच्छ आणि सौराष्ट्रात नर्मदेचा कालवा पोचला, तेव्हा तेथील तहानलेल्या शेतकऱ्यानेही त्या पाण्याला आईच म्हटले. त्याची हाक खोटी आणि निमाडच्या भजनाची खरी, असे कसे म्हणावे? शिवाय गाण्यातली ती सेवेची ओळ. नर्मदेने माणसामाणसाची सेवा केली, हे वाक्य धरण बांधणाऱ्याच्या तोंडी घातले तर तेही तेथे सहज शोभेल. वेदपुराणांचा हवाला देणारी ती जागा मला गाण्यातील सर्वांत कच्ची जागा वाटते. भजनात ओळ कमी पडली की अशी सुभाषिते भरीला घालण्याची आपली जुनी खोड आहे. तिने गाण्याचे दार दोन्ही पक्षांना उघडे ठेवले.

पण एवढ्यावर थांबलो तर गाणे आपल्या हातून निसटेल. सेवेची ओळ कोणालाही घेता येते. खळखळण्याची ओळ घेता येत नाही. कच्छचा शेतकरी कालव्याला आई म्हणेल, आम्ही उजनीला आई म्हणू, पण ‘खळखळ वाहत जातेस’ असे आमच्याने म्हणवणार नाही. याचा पडताळा आमच्याच बोलण्यात आहे. भीमेकाठच्या गावांतून आता ‘नदीवर गेलो होतो’ असे फारसे कोणी म्हणत नाही. ‘बॅकवॉटरला गेलो होतो’ असे म्हणतात. जून उजाडला की साऱ्या सोलापूर जिल्ह्याचे लक्ष एका आकड्याकडे लागते: उजनी किती टक्के? उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये जाते, पुण्याकडे पाऊस झाला की ते ‘प्लस’मध्ये येते. पानपट्टीवर, एस.टी.च्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत हीच भाषा. धरणातल्या पाण्यापैकी सुमारे ६३ टीएमसी, म्हणजे निम्म्याहून अधिक, कालव्याच्या तोंडाच्या खाली राहते. त्याला सरकारी कागदात आणि आता आमच्याही बोलण्यात ‘मृतसाठा’ असे नाव आहे. जिवंत पाण्याला आई म्हणणारी भाषा थांबलेल्या पाण्याला मृत म्हणते, हे खात्याच्या कोणा इंजिनिअराने काव्य म्हणून केलेले नाही. पण मी जी निसर्गकाव्ये वाचली त्यांपैकी थोड्याच काव्यांत इतका अर्थ आहे.

माझ्या ओळखीच्या एका वृद्ध बाईंचे माहेर या पाण्याखाली आहे. गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या पोरांनी मोबाइलवर ‘माँ रेवा’ लावले होते, तेव्हा त्या ओसरीवर लाडू वळत बसल्या होत्या. गाणे त्यांना आवडले. ढोल जरा जास्त आहे म्हणाल्या. मग विचारले, ‘कुठल्या नदीचं हे?’ पोरांनी नर्मदेचे म्हणून सांगितले. त्यावर बाई म्हणाल्या, ‘आहे का अजून ती?’ आणि पुढचा लाडू वळायला घेतला. पोरे हसली. प्रश्न भूगोलाच्या परीक्षेत चुकीचा ठरेल खरा. पण गाण्याचा एवढा नेमका अर्थ मी कोणा टीकाकाराने सांगितलेला ऐकला नाही.

धरणाची स्तुती करणारे लोकगीत झालेच नाही असे मात्र नाही, आणि त्या उदाहरणाने माझ्या म्हणण्याला बळच येते. १९४१ साली अमेरिकन सरकारच्या वीजखात्याने वूडी गथ्री या गरीब, भटक्या लोकगायकाला एक महिन्यासाठी नोकरीस ठेवले. काम एवढेच की, कोलंबिया नदीवरील धरणांची महती सांगणारी गाणी रचावयाची. महिन्याभरात त्याने सव्वीस गाणी केली. पगार मिळाला सुमारे २६६ डॉलर. गथ्री लबाड नव्हता. धुळीच्या वादळांनी उजाड झालेल्या मुलखातून तो आला होता. ओसाड जमिनीला पाणी आणि अंधाऱ्या घरांना वीज मिळणार, याचा त्याला मनापासून आनंद झाला होता. आमच्या दुष्काळी भागातल्या माणसाला तो आनंद समजावून सांगावा लागत नाही. पण त्या सव्वीसांतले जे गाणे लोकांच्या तोंडी बसले, ते ‘रोल ऑन, कोलंबिया’. त्याच्या नावातच नदीला ‘वाहत जा’ असे सांगितले आहे! धरणाचे गाणे रचावयास बसलेल्या कवीलाही शेवटी वाहत्या नदीकडेच यावे लागले. थांबलेल्या पाण्यात त्याला धृपद सापडले नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, त्याच नदीच्या वरच्या अंगाला केटल फॉल्स येथे, धबधबा आणि साल्मन मासे जाणार म्हणून तेथील मूळच्या जमाती जमल्या होत्या आणि तीन दिवस त्यांनी शोक केला होता. एकाच नदीची ही दोन गाणी. पैकी एकाला पगार मिळाला.

आता वाद्यांविषयी थोडे, कारण जाणकारांचा आक्षेप तेथे असतो. भजन हे काठावर बसून, टाळांच्या मंद ठेक्यात, आपल्यापुरते म्हणावयाचे. त्याला ड्रम लावून तरुणांना नाचविणे म्हणजे त्याची विटंबना, असे म्हणणारे सज्जन मला भेटले आहेत. त्यांनी आषाढीत पंढरपूरच्या वाळवंटात उभे राहून पाहावे. इरावतीबाई कर्व्यांनी वारीवर लिहिताना ज्या गर्दीचा अनुभव मांडला, त्या गर्दीत भजन कोणी आपल्यापुरते म्हणत नाही. पखवाज घुमतो, पावली पडते, ओळ पुढून निघते आणि मागच्या दिंड्यांतून परतून येते. चौघांच्या मेळाने तीन-चार ओळी पुन्हा पुन्हा घेऊन लय चढवीत नेली, यात मला दिंडीचीच जात दिसते. बास गिटारचा जाड, खालचा नाद सतत चालू राहतो, त्यावर शब्द तरंगत येतात; पाण्याचा आवाज न काढता पाणी ऐकविण्याची ही रीत मला चांगली वाटली. गमावलेही काही आहे. काठावरच्या एकट्या माणसाचा स्वर गेला. ‘निर्मळ’ हा शब्द भजनात जपून उच्चारला जात असेल. येथे तो लयीच्या रेट्यात वाहून जातो, आणि नेमका तोच शब्द आज जपून उच्चारण्यासारखा आहे. भीमेत पुण्या-पिंपरीची गटारे मिळतात आणि ते सारे येऊन उजनीत साठते. पाण्यावर हिरवी साय धरते, जलपर्णी माजते. भिगवणकडे रोहित पक्षी पाहावयास जी मंडळी येतात ती दुर्बीण डोळ्याला लावून उभी असतात, म्हणून त्यांना वास तेवढा जाणवत नसावा.

मग भीमेचे असे गाणे का नाही? आहे, पण ते धरणाच्या खालचे आहे. उजनीखाली नदी नीरा नरसिंगपूरला नीरेला भेटते आणि पंढरपुरात वळण घेऊन चंद्रभागा होते. तिच्याविषयी अभंगांत आणि ओव्यांत जेवढे गायिले गेले तेवढे महाराष्ट्रातील दुसऱ्या नदीच्या वाट्याला क्वचितच आले असेल. चंद्रभागेत स्नान हा त्या साऱ्या गाण्याचा आधार. आणि ते स्नान आता कसे होते? आषाढीच्या आधी वारकऱ्यांसाठी उजनीतून पाणी सोडावे लागते. मागणी होते, आदेश निघतो, दरवाजा किंवा मोरी उघडते, आणि मग काही दिवसांनी वाळवंटाला पाणी लागते. गाण्यातली नदी अमरकंटकाहून आपल्या पायांनी निघते. आमची नदी कागदावर सही झाली की निघते. तरीही त्या पाण्यात बुडी मारणाऱ्याच्या मनात सहीचा विचार नसतो, हेही खरे आहे, आणि मला त्या माणसाचा हेवा वाटतो. त्याच्या तोंडचा अभंग अजून भजनच आहे. ‘माँ रेवा’चे जे झाले ते त्याचे व्हावयाचे आहे, की होऊन गेले आहे आणि गर्दीच्या गजरात आपल्याला कळलेले नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

वर्षातले काही दिवस मात्र भीमा खळखळते. घाटमाथ्यावर फार पाऊस झाला की वरची धरणे भरून उजनीत पाणी लोटते, उजनी शंभरी ओलांडते आणि दरवाजे उचलतात. भीमानगरजवळच्या पुलावर मोटारसायकली आडव्या लावून टेंभुर्णीची पोरे पाणी पाहत उभी राहतात; आवाज इतका की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. त्या पुलावरून जाणाऱ्या एस.टी.तल्या म्हाताऱ्या बाया खिडकीतून हात जोडतात आणि कनवटीचे एखादे नाणे नदीत टाकतात. ही रीत बारा महिने चालते. पूर असला की नाणे कोठे गेले ते दिसत नाही. उन्हाळ्यात ते खडकावर पडून वाजते, आणि पुलाखाली शेळ्या राखणारी मुले धावत जाऊन ते उचलतात.